बगाडाच्या चार दिवसांत पेल्विस सरळ झालं होतं काय?

साताऱ्यातनं एका ताईंचं पत्र आलंय. वय ३७, पतसंस्थेत नोकरी, दिवसभर खुर्चीवर. मुलगा पाच वर्षांचा, सिझेरियन झालेलं. दोन वर्षं कंबर दुखतीय, पट्ट्याच्या खाली, उजवीकडं जास्त, पायात कळ जात नाही. हाडाच्या डॉक्टरांनी तपासून एमआरआय काढला, त्यात एल४-एल५ ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी फुगलीय असं आलं, ते म्हणाले ऑपरेशनचं काही नाही, व्यायाम करा. मग जानेवारीत ताई एका मोफत शिबिराला गेल्या. तिथं उभं करून मोबाईलवर फोटो काढला, त्यावर लाल रेघा मारून दाखवलं की पेल्विस, म्हणजे कंबरेखालचं हाडांचं कडं, पुढं झुकलंय आणि उजवी बाजू वर आहे. मग पलंगावर झोपवून टाचा जुळवून सांगितलं की डावा पाय ६ मिलिमीटर आखूड आहे. कंबर पिरगळून कटकन आवाज काढला, दोन दिवस झकास वाटलं, तिसऱ्या दिवशी जैसे थे. आता २० सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, २८ हजार रुपये, आणि 'आत्ता सरळ केलं नाही तर चाळिशीत मणका जाईल' हे वर. नवऱ्याला पैसे पाण्यात जातील असं वाटतं. सासूबाई म्हणतात आम्ही पोती उचलली, आमची नाही सरकली हाडं. शेजारच्या काकूंच्या मते सगळा दोष सिझरच्या वेळच्या मणक्यातल्या इंजेक्शनचा. ताई विचारतात, पॅकेज घेऊ, का ऑपरेशन करून एकदाची मोकळी होऊ, आणि मला खरंच दुखतंय हे घरच्यांना पटवू कसं?

ताई,

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण तुम्हाला समोर बसवून तपासलेलं नाही, त्यामुळं पुढचं सगळं त्या हिशोबानं वाचा.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना डोकं त्या २८ हजारावरच अडकलं. दुसऱ्यांदा वाचताना मधे एक ओळ दिसली, तुम्ही ती अगदी जाता जाता लिहिलीय. मार्चमधे बगाडाच्या जत्रेला माहेरी बावधनला गेला होता, चार दिवस खाली गोधडीवर झोपला, बगाडामागनं रानातनं अनवाणी चालला, पै-पाहुण्यांचा स्वयंपाक उरकला, आणि 'तेव्हा कंबरेची आठवणपण झाली नाही, सोमवारी ऑफिसला बसले आणि परत सुरू.' ही ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीय, की बघा माझी कंबर कशी लहरी आहे. मला तर सगळ्या पत्रात तीच कामाची वाटली. एमआरआयपेक्षा जास्त.

कारण मग मला सांगा, त्या चार दिवसांत पेल्विस सरळ झालं होतं काय? बावधनच्या हद्दीत शिरताना उजवी बाजू खाली आली, डावा पाय ६ मिलिमीटरनं वाढला आणि सोमवारी परत आखूड झाला? नाही ना. पेल्विस जसं साताऱ्यात होतं तसंच तिथंही होतं. तिथं दुसरंच काहीतरी बदललं होतं, त्याच्याकडं येऊच.

आधी हे पेल्विस वाकडं म्हणजे काय ते बघू, कारण हल्ली निम्मी पत्रं याच्यावर येतात. मागं सांगलीकडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी पण असाच लाल रेघांचा फोटो पाठवला होता. पेल्विस म्हणजे कंबरेखालचा हाडांचा कडबोळा. दोन्ही बाजूंना खुब्याची मोठी हाडं, मागं मधे पाचरीसारखी बसलेली त्रिकास्थी, तिच्या खाली माकडहाड. हे सगळं मिळून तिरकं धरलेल्या पातेल्यासारखं असतं, आणि ते तिरकंच असतं बरं का, म्हणजे थोडं पुढं कललेलं. २०११ मधे एका अभ्यासात काहीही न दुखणाऱ्या १२० धडधाकट माणसांचं पेल्विस मोजलं होतं. त्यातल्या ८५ टक्के पुरुषांचं आणि ७५ टक्के बायकांचं पुढं झुकलेलं निघालं. मधोमध, न पुढं न मागं, असं पुरुषांमधे फक्त ९ टक्के आणि बायकांमधे १८ टक्के. म्हणजे शिबिरात तुम्हाला दोष म्हणून जे दाखवलं ते चारातल्या तीन बायकांमधे असतंच, आणि त्या मजेत राजवाड्यावर भेळ खात असतात.

दुसरं, मोजतात कसं? पुढचं हाडाचं टोक आणि मागचं हाडाचं टोक बोटानं चाचपायचं आणि त्यांच्यातली रेघ किती तिरकी आहे ते बघायचं. गंमत अशी की ही टोकं सगळ्यांची एकाच जागी नसतातच. २००८ मधे मृतदेहांची ३० पेल्विस मधोमध एकाच पद्धतीनं बसवून मोजली तर ही रेघ कुणाची ० अंश तिरकी तर कुणाची चक्क २३ अंश निघाली. म्हणजे हाडाची घडणच वेगळी, उभं राहण्यात काही चूक नाही. नाकं नाही का, एक सरळ, एक बाकदार, श्वास दोन्हीतनं येतो. वर मोबाईलचा फोटो, एका पायावर जरा भार जास्त पडला, ड्रेस जरा वर गेला, कॅमेरा तिरका धरला, झाली रेघ वाकडी.

आणि तो आखूड पाय. दोन पायांत थोडा फरक दहातल्या नऊ माणसांना असतो आणि तो सरासरी ५ मिलिमीटरच्या आसपास असतो. तुमचा ६, आणि तो पण पलंगावर झोपवून टाचा जुळवून काढलेला, जी मोजायची पद्धत स्वतःच चार-पाच मिलिमीटर इकडंतिकडं सहज होते. साधारण २० मिलिमीटर, म्हणजे दोन सेंटीमीटरच्या पुढं फरक गेला तर त्याचा विचार करावा लागतो, पोलिओ झालेला असेल, मांडीचं हाड मोडून वेडंवाकडं जुळलेलं असेल अशा वेळी. तुमचं तसलं काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, अहो पण कटकन आवाज आला आणि दोन दिवस बरं वाटलं, ते काय खोटं होतं? अजिबात नाही, बरं वाटलं ते शंभर टक्के खरं. पण हाड जागेवर बसलं म्हणून वाटलं का? त्रिकास्थी आणि खुब्याच्या हाडाच्या मधे जो सांधा असतो तो मुळात हलतोच किती, तर दोन-तीन अंश आणि एखादा मिलिमीटर, इतक्या जाड जाड दोऱ्यांनी तो बांधलेला असतो. १९९८ मधे स्वीडनमधे एक भारी प्रयोग झाला. दहा माणसांच्या हाडात बारीक धातूचे मणी बसवले, मग त्यांची कंबर अशीच पिरगळून 'जागेवर बसवली', आणि आधीचे-नंतरचे एक्स-रे ताडून बघितले. तपासणाऱ्यांच्या हाताला वाटलं की सांधा नीट बसला. एक्स-रेत हाडं तसूभरसुद्धा हलली नव्हती. मग आराम कशानं पडतो, तर आवळलेले स्नायू सैल पडतात, कुणीतरी अर्धा तास तुमच्याकडं नीट लक्ष देतं, हात लावतं, काहीतरी हललं असं वाटतं, मेंदू जरा निवांत होतो. तो आराम घ्यायला हरकत काहीच नाही, मी पण पेशंटला मसाज देते, सांधे हलवून देते. पण दोन दिवसांच्या आरामाला २० नं गुणलं तर चाळीस दिवस होतात, पुढं काय?

एक कबुली देऊन टाकते. कॉलेजातनं बाहेर पडल्यावर पाच-सहा वर्षं मी पण हेच सांगायचे, तुमचं पेल्विस रोटेट झालंय, एक बाजू वर गेलीय, आपण बसवून टाकू. मनापासून सांगायचे, फसवायचं म्हणून नव्हे. आम्हाला तसंच शिकवलं होतं, आणि पेशंटला पटकन पटतं पण, गाडीची अलाइनमेंट गेली की टायर घासतं तसं. फक्त माणूस म्हणजे गाडी नाही ओ. टायर स्वतःहून भरून येत नाही, शरीर येतं. म्हणून शिबिरवाल्या पोरांनापण मी लबाड म्हणणार नाही, पण 'चाळिशीत मणका जाईल' हे जे बोलले ना त्याचा मला राग आला. त्या एका वाक्यानं तुमचं जेवढं नुकसान केलंय तेवढं त्या फुगलेल्या गादीनं केलेलं नाही.

का, ते सांगते. तुमच्याच पत्रात आहे. जानेवारीपासून तुम्ही पोराला कडेवर घेणं बंद केलंय. खाली वाकून काही उचलत नाही. अजिंक्यताऱ्यावर रविवारी जायचा ते बंद. एक व्हिडिओ बघून दिवसभर पोट आत ओढून आणि माकडहाड खाली दाबून चालता, झोपेतसुद्धा कंबर सरळ राहावी म्हणून पायाला उशा लावता. म्हणजे दुखणं दोन वर्षांचं, पण त्याची भीती जानेवारीतली. आणि दिवसभर मूठ आवळून ठेवली तर हात दुखणारच की, तसंच कंबरेचं चाललंय. बावधनला तुम्ही हे सगळं विसरलात, कारण माणसांत होता, पाय चालत होते, ऑफिसात वर्षअखेरीचा ताळेबंद डोक्यावर नव्हता, आणि पोट आत ओढायची आठवणच राहिली नाही. आखूड पायासाठी डाव्या चप्पलेत चिकटवलेली ती पट्टीपण नव्हती, अनवाणी होता.

तीन महिन्यांच्या वर चाललेल्या दुखण्याचं गणितच वेगळं असतं. सुरुवातीला कधीतरी स्नायू, दोरी, गादी काहीतरी खरंच दुखावलेलं असतं, पण ते बहुतेक वेळा काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत भरून येतं. मागं राहतो तो पहारा. घरात एकदा चोरी झाली की कुत्रं नंतर दूधवाल्यावरपण भुंकतं, तसं. भुंकणं खरं असतं, कानाला ऐकू येतं, झोप मोडते, पण दारात चोर नसतो. झोप कमी, कामाचा ताण, एका जागी बसून राहणं, आणि 'आपलं काहीतरी मोडलंय' ही धास्ती, याच्यावर हे कुत्रं पोसलं जातं. यात दुखणं मनाचं आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, कृपा करून तसं वाचू नका आणि घरात कुणाला तसं वाचूनपण दाखवू नका.

एमआरआयबद्दल थोडक्यात. गादी फुगली हे वाचून पोटात गोळा येतो, माहितीय. पण काहीच न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे स्कॅन एकत्र करून २०१५ मधे बघितलं होतं, त्यात तिशीतल्या ४० टक्के आणि चाळिशीतल्या ५० टक्के लोकांची गादी फुगलेली होती, दुखत काहीच नव्हतं. पांढरे केस जसे. ऑपरेशनचा विचार पायात नस दाबली जाऊन कळ जातेय, पाऊल लुळं पडतंय, इतर उपायांनी काही फरक नाही अशा वेळी करतात. नुसत्या कंबरेच्या दुखण्याला 'एकदाची मोकळी होऊ' म्हणून ऑपरेशन करायचं नसतं, तुमच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं ते बरोबर म्हटलं, त्यांच्यावर रुसू नका. आणि काकूंना सांगा, सिझरच्या इंजेक्शननं सुई टोचलेली जागा चार-आठ दिवस दुखू शकते, वर्षानुवर्षं कंबर त्यानं जात नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती रात्रीची जागरणं, अवघडून पाजणं, पोटाचे सैल पडलेले स्नायू, आणि सगळं एकटीनं उचलणं यानं. इंजेक्शनवर ढकललं की घरातल्या बाकीच्यांना काही करावं लागत नाही, म्हणून ते फार लोकप्रिय आहे. असो.

मग पेल्विसचा कंबरेशी काहीच संबंध नाही का? असं पण नाही. गरोदरपणात आणि बाळंत झाल्यावर त्या सांध्यांना खरंच त्रास होतो, जिना चढताना, कूस बदलताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना कळ येते, त्याला वेगळे व्यायाम आहेत, कधीकधी थोडे दिवस पट्टापण लागतो. मणका पुढं घसरलेला असणं, खुब्याच्या सांध्याची झीज, म्हातारपणी पाठीचा बाक वाढणं, मणक्याचं मोठं ऑपरेशन ठरवताना, अशा ठिकाणी पेल्विसचा कोन बघावा लागतो. पण तिथं ते एक्स-रेवर मोजतात, मोबाईलवर नाही. आणि पेल्विस हलवायचे व्यायाम कंबरदुखीला उपयोगी आहेतच. ते कशासाठी, तर कंबर सगळीकडं हलू शकते हे तिला परत शिकवायला. एका ठरलेल्या कोनात तिला गोठवायला नव्हे.

हे सगळं वाचून जर कुणाला वाटलं की चला, म्हणजे कंबरदुखीकडं लक्षच द्यायला नको, तर थांबा. लघवी अडकायला लागली किंवा नकळत व्हायला लागली, बसायच्या जागी बधिर झालं, पायातली ताकद जायला लागली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलला. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री पडल्या जागी ठणका, पूर्वी कॅन्सर झालेला, बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. मणक्याचा टीबी आपल्याकडं आहे, विसरून चालत नाही. आणि वय कमी, पहाटे दुखून जाग येते, उठल्यावर अर्धा तासाच्या वर कंबर आखडलेली, बसून वाढतं पण हालचाल केली की उतरतं, असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, हे दुखणं कितीतरी वर्षं 'स्लिप डिस्क' म्हणून शेकत बसलेली पोरं मी बघितलीत. पाळीच्या दिवसांशी दुखणं जोडलेलं असेल तर बायकांच्या डॉक्टरांना. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही.

आता करायचं काय. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मधे जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या, त्यात व्यायाम, दुखणं समजावून सांगणं, मानसिक ताणावरचे उपाय, हातानं करायचे उपचार आणि मसाज आहेत. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढणं, म्हणजे ट्रॅक्शन, हे नेहमीचे उपाय म्हणून करू नका असं सांगितलंय. तुम्ही ऑफिसला बेल्ट लावून बसता असं लिहिलंय, तो हळूहळू सोडा, आज एक तास कमी, चार दिवसांनी आणखी एक.

चालणं सगळ्यात आधी. ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग २०२४ मधे छापून आला, कंबरदुखीतनं नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवर. फिजिओच्या मदतीनं हळूहळू वाढवत आठवड्यातनं पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत ज्यांना नेलं त्यांची कंबर परत धरायला साधारण २०८ दिवस लागले, बाकीच्यांची ११२ दिवसांत धरली. फुकटचा उपाय आहे हो, शिवाय साताऱ्यात चालायला काय कमी आहे. पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं सपाटीला. मग वीस. मग चार भिंतीच्या टेकडीचा चढ, आणि दोन-अडीच महिन्यांनी अजिंक्यतारा, मधे बसत बसत. यवतेश्वरचा घाट पळत चढणारे मॅरेथॉनवाले बघून त्यांच्याशी बरोबरी करू नका, त्यांच्या कंबरा पण दुखतात, विचारा हवं तर.

घरात पंधरा मिनिटं. चटईवर उताणं पडा, गुडघे वाकडे, पाय जमिनीला टेकलेले. कंबर हळूच जमिनीला दाबा, मग हळूच कमान करा, पंधरा वेळा, आपलं पातेलं पुढं-मागं हिंदकळवल्यासारखं. इथं कुठंतरी 'बरोबर' जागा शोधायची नाही, दोन्हीकडं आरामात जाऊन यायचं एवढंच. मग तसंच पडून कुल्ले वर उचला, दोन श्वास धरा, खाली, आठ-दहा वेळा. मग रांगायच्या स्थितीत पाठ मांजरीसारखी वर आणि मग खाली, दहा वेळा. शेवटी खुर्चीवरनं हात न लावता उठा-बसा, दहा. एवढंच. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकी दोनदा करा.

तिसऱ्या आठवड्यापासून उचलायला लागा, आणि हे चुकवू नका, कारण खरी भीती इथं बसलीय. आधी दोन लिटरची बाटली जमिनीवरनं. मग पाच किलोचं पिठाचं पोतं, अंगाजवळ धरून. मग अर्धी बादली. एका आठवड्याला थोडंच वाढवायचं. तुमचं पोर किती किलोचं, सतरा-अठरा असेल, तिथपर्यंत जायला दोन-तीन महिने लागतील, पण जाल. तोपर्यंत खुर्चीवर बसून त्याला मांडीवर चढू द्या की, त्याला काय, आई जवळ असली की झालं.

किती दुखलं तर चालेल हा सगळ्यांचा प्रश्न असतो. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीसारखं झालं तर पुढं चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी वाढलेलंच असेल तर बंद नको करायला, निम्म्यावर या. मधेच एखाद्या आठवड्यात उसण भरेल, चमक येईल, तेव्हा 'सरकलं परत' म्हणून शिबिराला पळायचं नाही. दोन दिवस शेक, सावकाश चालणं, परत सुरू.

ऑफिसात आदर्श बसायची पद्धत अशी काही नसते, फक्त तासन् तास एकाच पद्धतीत बसू नका. अर्ध्या तासानं उठा, पाणी प्या, रजिस्टर उभं राहून बघा. पोट आत ओढणं आजपासून बंद. कुणी बघत नाहीये.

आता घरच्यांचं. खरं सांगू का, मला वाटतं त्या लाल रेघांच्या फोटोचं तुम्हाला एवढं का पटलं त्याचं उत्तर इथं आहे. दोन वर्षं दुखतंय, एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले विशेष काही नाही, घरी ऐकलं की 'काहीच नाही म्हणाले'. मग पहिल्यांदा कुणीतरी कागदावर दाखवलं की हे बघा, वाकडं आहे. तो फोटो तुम्ही सासूबाईंना दाखवला असं लिहिलंय. म्हणजे २८ हजारात तुम्हाला उपचारापेक्षा दाखला हवा होता, की मी खोटं बोलत नाही. मी तुमच्या जागी असते तर मलापण हवा झाला असता.

पण दाखला म्हणून हा फार महागात पडतो, पैशानं नव्हे, 'माझं हाड सरकलंय' हे पटवायचं म्हणजे सरकल्यासारखं वागत राहावं लागतं. आज पोराला उचललं तर उद्या सासूबाई म्हणणार, मग काल काय झालं होतं? त्यापेक्षा सरळ बोलून बघा. कशानं दुखतंय हे बाजूला ठेवा, काय होतंय आणि काय करणार आहे एवढंच सांगा. 'मला दोन वर्षं दुखतंय, हाड मोडलेलं नाही पण दुखणं खरंय, मी तीन महिने व्यायाम करणार आहे, तोपर्यंत भांडी माझी, फरशी आणि धुण्याच्या बादल्या ह्यांच्याकडं.' कामाची वाटणी ठरवून घेतली की त्यावर रोज वाद होत नाही. आणि हे नवऱ्याला सांगा, त्यांनी त्यांच्या आईला सांगू दे. सुनेनं सांगितलं की तक्रार होते, पोरानं सांगितलं की निरोप होतो, आपल्याकडचं हे असंच आहे, मला आवडत नाही पण उपयोग होतो.

सासूबाईंना एकदा निवांत विचारा, पोती उचलायच्या दिवसांत त्यांची कंबर कधी धरली होती का, आणि तेव्हा काय केलं. भांडायला नव्हे, खरंच विचारा. माझ्याकडं येणाऱ्या त्या वयाच्या बायका 'आम्हाला काही नव्हतं' इथनं सुरू करतात आणि पाच मिनिटांत सांगतात की उसाच्या भाऱ्यानं अशी कंबर धरली होती की आठ दिवस ओणव्यानं चुलीपुढं बसले, कुणी विचारलंपण नाही. कदाचित त्या तुमच्याबरोबर चालायलापण येतील, त्यांच्या गुडघ्यालापण लागतंच की.

पॅकेजच्या पैशात काय करता येईल तेपण सांगते. एखाद्या चांगल्या फिजिओकडं महिन्यातनं एक-दोन वेळा, तीन महिने, व्यायाम वाढवून घ्यायला आणि चुका काढून घ्यायला. जाल तिथं तीन गोष्टी विचारा: मला स्वतःला काय करायचंय, किती दिवसांत मी तुमच्याशिवाय चालवून घेईन, आणि बरं वाटतंय हे कशावरनं ठरवणार? 'रेघ सरळ झाली की' असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. 'तुम्ही पोराला उचललं की, अजिंक्यताऱ्यावर गेला की' असं आलं तर तिथं थांबा. आगाऊ वीस वेळांचे पैसे मात्र कुणालाच देऊ नका, मलापण नाही.

शिबिरवाल्यांचे फोन येत राहतील, ऑफर संपतीय म्हणून. नको आहे एवढंच सांगा, कारण द्यायची गरज नाही, कारण दिलं की त्याच्यावर त्यांच्याकडं उत्तर तयार असतं.

आणि हो, ती डाव्या चप्पलेत चिकटवलेली पट्टी. तीन महिने सवय झालीय तर एकदम उपटू नका, आधी घरात वावरताना बिनपट्टीची चप्पल घाला, आठ-दहा दिवसांनी बाहेर पण. बावधनच्या रानातनं अनवाणी एवढं चाललात ते तिच्याशिवायच, तर ऑफिसच्या फरशीवर काही होत नाही.